केबल ‘पंक्चर’ होते तेव्हा आत नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीखालची केबल गेली की खड्डा खणला जातो, जळालेला तुकडा कापून काढतात, नवा जॉइंट मारतात आणि लाइन चालू होते. तो तुकडा जातो भंगारात. केबल का गेली याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा त्याच तुकड्यात असतं, आणि ते शोधायला फार महागडी साधनं लागत नाहीत. डिप्लोमाचे विद्यार्थी, लाइनवरची मंडळी आणि जॉइंटर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः एक्सएलपीई केबलची आहेत, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या, साखळ्या एकमेकींना जोडून घट्ट केलेल्या पॉलिइथिलीनची. आज ११, २२ आणि ३३ केव्हीला बहुतेक ठिकाणी तीच वापरतात.

ब्रेकडाउन म्हणजे नक्की काय?

पॉलिइथिलीन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. त्यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठल्या ना कुठल्या बंधात अडकलेला असतो. त्याला मोकळं करायला सुमारे ८ ते ९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, आणि खोलीच्या तापमानाला ती मिळण्याची शक्यता जवळपास शून्य. म्हणून हा पदार्थ वीज अडवतो.

कंडक्टरपासून इन्सुलेशनबाहेरच्या, जमिनीला जोडलेल्या स्क्रीनपर्यंत या पदार्थातून वीज वाहू शकेल अशी एक सलग वाट तयार झाली की झालं ब्रेकडाउन. ती वाट केसाएवढी बारीक असली तरी फॉल्टचा हजारो अँपिअरचा प्रवाह तिच्यातून धावतो आणि पुढचं सगळं क्षणात जळतं.

हवेत ठिणगी पडली तर पुढच्या क्षणी तिथे ताजी हवा येते. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातही बऱ्याच अंशी तसंच होतं. घन पदार्थाला ही सोय नाही. त्याला झालेली इजा जागच्या जागी राहते, पुढची इजा तिच्यात भर घालते आणि पदार्थ काहीच विसरत नाही. खालची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

एक्सएलपीई इतकं मजबूत आहे, मग ११ केव्हीवर ते जातंच कसं?

प्रश्न अगदी रास्त आहे. प्रयोगशाळेत पॉलिइथिलीनची पातळ, स्वच्छ फिल्म दर मिलिमीटरला काहीशे किलोव्होल्ट सहन करते. ११ केव्हीच्या केबलमध्ये कंडक्टर ते अर्थ (जमीन) व्होल्टेज असतं ६.३५ केव्ही आणि इन्सुलेशनची जाडी साधारण साडेतीन मिलिमीटर. म्हणजे सरासरी विद्युत ताण दर मिलिमीटरला १.८ किलोव्होल्ट. कागदावर शंभर पटींहून जास्त अंतर दिसतं.

पण पदार्थ सरासरीने फुटत नाही, तो एका बिंदूपाशी फुटतो. समजा ५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक असलेली एक लांब सुई इन्सुलेशनमध्ये खुपसली आहे, टोकापासून समोरच्या सपाट इलेक्ट्रोडपर्यंत साडेतीन मिलिमीटर अंतर आहे आणि सुईवर ६.३५ केव्ही दिलं आहे. गणित केलं तर टोकाशी ताण येतो दर मिलिमीटरला सुमारे ३२० किलोव्होल्ट. सरासरीच्या पावणेदोनशे पट. प्रयोगशाळेत अशीच सुई घालून अभ्यास करतात.

खऱ्या केबलमध्ये इतकी लांब सुई नसते. असतं ते सेमीकॉनच्या, म्हणजे इन्सुलेशनच्या आतबाहेर असलेल्या कार्बनयुक्त अर्धवाहक थरावरचं एखादं बारीक कुसळ. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं उंच आणि तितक्याच धारदार टोकाचं असलं तरी ताण पंधरा पट होतो. आत अडकलेला धातूचा कण, धुळीचा तंतू, जळक्या प्लास्टिकचा तांबूस ठिपका यांचंही तेच. म्हणून केबलचा माल बनवणारे सुद्धा स्वच्छतेबद्दल इतके काटेकोर असतात.

आणखी एक बाजू आहे. फिल्मचा छोटा चौकोन आणि केबलचा अख्खा किलोमीटर यांची तुलना होत नाही. माल जितका जास्त, तितकी त्यात कुठेतरी वाईट दोष असण्याची शक्यता जास्त. सगळ्यात कमकुवत कडी तुटली की साखळी तुटते, या विचाराचं गणित स्वीडिश अभियंता वालोडी वायबुल यांच्या नावाने ओळखलं जातं. १९५१ साली त्यांनी ते सविस्तर मांडलं आणि आजही ब्रेकडाउनचे आकडे त्याच पद्धतीने वाचतात. ‘या मालाची ताकद इतकी’ असं एकच एक विधान मी तरी मानत नाही. किती जाडीला, किती लांबीला, किती वेळ, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अपुराच.

ब्रेकडाउन एकाच पद्धतीने होतं का?

नाही. झटपट होणाऱ्या तीन पद्धती आधी सांगतो.

पहिली शुद्ध विद्युत स्वरूपाची. ताण इतका वाढतो की मोकळे झालेले थोडे इलेक्ट्रॉन वेग घेतात, धडकून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि बघता बघता लोंढा होतो.

दुसरी उष्णतेची. एसी व्होल्टेजखाली इन्सुलेशन स्वतः थोडं तापतं. तापलं की त्याचा लॉस, म्हणजे उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा, वाढतो, लॉस वाढला की ते आणखी तापतं. बाहेर जाणारी उष्णता आत तयार होणाऱ्या उष्णतेला पुरी पडेनाशी झाली की तापमान हाताबाहेर जातं. एक्सएलपीईचा टॅन डेल्टा, म्हणजे या लॉसचं माप, ०.००१ पेक्षाही कमी असतो, त्यामुळे मध्यम व्होल्टेजला ही भीती फारशी नाही. पीव्हीसीचा लॉस त्याच्या शंभर पटींहून जास्त. उच्च व्होल्टेजच्या केबलमध्ये पीव्हीसी बाहेरच्या आवरणापुरतं का राहिलं, त्याचं हे एक मोठं कारण.

तिसरी पद्धत अनेकांना नवी असते. व्होल्टेज दिलं की दोन बाजूंचे विरुद्ध विद्युतभार एकमेकांना ओढतात आणि मधलं पॉलिमर दाबलं जातं. पॉलिइथिलीनमध्ये दर मिलिमीटरला १०० किलोव्होल्ट ताण असेल तर हा दाब होतो साधारण एका वातावरणाइतका, आणि ५०० किलोव्होल्टला पंचवीस वातावरणांइतका. थंड प्लास्टिकला त्याचं फारसं काही वाटत नाही. तापून मऊ झालेलं प्लास्टिक मात्र चेपतं, चेपल्यामुळे जाडी कमी होते, जाडी कमी झाली की ताण वाढतो आणि दाबही वाढतो. १९५५ साली स्टार्क आणि गार्टन यांनी दाखवलं की जाडी मूळच्या सुमारे ६० टक्क्यांवर आली की तोल सुटतो आणि थर कोसळतो.

या तिन्ही वाटा महत्त्वाच्या आहेत, पण जमिनीखाली पंधरा वर्षं गुपचूप काम करून एका रात्री गेलेल्या केबलचं कारण बहुधा त्यांत नसतं. तिथे चौथी, सावकाश जाणारी वाट असते. पुढचे प्रश्न तिचेच आहेत.

इन्सुलेशनमध्ये बुडबुडा राहिला तर काय बिघडतं?

बुडबुड्यात हवा किंवा वायू असतो आणि तो दोन्हीकडून मार खातो. एक तर त्याची ताकद पॉलिमरपेक्षा फार कमी. दुसरं म्हणजे त्याच्या वाट्याला ताण जास्त येतो. पॉलिइथिलीनचा परावैद्युतांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) २.३ आणि हवेचा १. त्यामुळे गोल बुडबुड्यात ताण सव्वा पट होतो आणि ताणाला आडव्या असलेल्या चपट्या फटीत थेट २.३ पट.

त्या वायूत ठिणगी पडते. पण ठिणगी पुढे कुठे जाणार? वर-खाली घट्ट पॉलिमर आहे. म्हणून ती बुडबुड्यापुरतीच राहते, भिंतीवर विद्युतभार साठतो, तो भार आतलं क्षेत्र कमी करतो आणि ठिणगी विझते. व्होल्टेज उलटलं की पुन्हा पडते. हे झालं पार्शल डिस्चार्ज, ज्याला सगळे ‘पीडी’ म्हणतात. पन्नास हर्ट्झला दर अर्ध्या सायकलला एक जरी ठिणगी धरली तरी दिवसाला ८६ लाख चाळीस हजार ठिणग्या होतात. प्रत्येक ठिणगी इवलीशी, पण तिच्यातले इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळतात, अतिनील प्रकाश निघतो, ओझोन आणि आम्लं तयार होतात. भिंत हळूहळू खरवडली जाते, तिच्यात खड्डे पडतात आणि एखादा खड्डा खोल जाऊन टोकदार होतो.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. प्रत्येक बुडबुडा डिस्चार्ज करतोच असं नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिडरिख पाशेन यांनी १८८९ साली मांडलेल्या नियमातून असं निघतं की फट जितकी लहान तितका वायू प्रत्येक मिलिमीटरमागे जास्त दम धरतो. एक सेंटिमीटर फटीत हवा दर मिलिमीटरला ३ किलोव्होल्टला फुटते, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या फटीत तोच आकडा तिपटीच्या आसपास जातो. म्हणून ११ केव्हीच्या केबलमधला असा बारीक गोल बुडबुडा आयुष्यभर गप्प राहू शकतो. तोच बुडबुडा २२० किंवा ४०० केव्हीच्या केबलमध्ये कंडक्टरजवळ असेल तर तिथे ताण दर मिलिमीटरला दहा किलोव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, आणि तो गप्प राहणार नाही. मध्यम व्होल्टेजला खरा धोका असतो जॉइंट आणि टर्मिनेशनमधल्या (केबलच्या टोकाच्या जोडणीतल्या) लांब, चपट्या फटींचा.

‘ट्री’ म्हणतात ते काय असतं? ते खरंच झाडासारखं दिसतं का?

दिसतं. पारदर्शक इपॉक्सीच्या ठोकळ्यात सुई रोवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सुईच्या टोकापासून फुटलेल्या फांद्या, उपफांद्या स्पष्ट दिसतात. पहिल्यांदा पाहणारा थोडा वेळ बोलतच नाही. या फांद्या म्हणजे पोकळ नळ्या, एकापासून काही दहा मायक्रॉन रुंदीच्या. त्यांत वायू भरलेला असतो.

झाड दिसायच्या आधी बराच काळ तिथे काहीतरी चाललेलं असतं. टोकाजवळ ताण प्रचंड असल्यामुळे दर सायकलला धातूतून इलेक्ट्रॉन पॉलिमरमध्ये शिरतात आणि उलट्या अर्ध्या सायकलला त्यांतले काही बाहेर ओढले जातात. ही ये-जा होताना मंद प्रकाश बाहेर पडतो, तो संवेदनशील उपकरणांनी मोजता येतो. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि अतिनील प्रकाश यांमुळे साखळ्या तुटतात, तुटलेल्या टोकांशी ऑक्सिजन अभिक्रिया करतो आणि पॉलिमर तेवढ्या भागात ठिसूळ होतं. मग एका मायक्रॉनपेक्षाही लहान पोकळ्या तयार होतात, त्या जोडल्या जातात आणि पहिली नळी उघडते. हा आरंभकाळ काही मिनिटांचा असू शकतो, काही वर्षांचाही. तो कितीचा असणार, हे त्या टोकाच्या धारेवर आणि तिथल्या मालाच्या शुद्धतेवर ठरतं.

नळी उघडली की तिच्यात पीडी सुरू होतं. वर बुडबुड्याबद्दल जे सांगितलं ते आता नळीच्या आत आणि विशेषतः तिच्या पुढच्या टोकाशी घडतं. टोक पुढे सरकतं, वायूचा दाब वाढतो, बाजूला नवा फाटा फुटतो.

सगळी झाडं सारखी नसतात. काही विरळ फांद्यांची, काही दाट झुडपासारखी. आणि इथे एक उलटी वाटणारी गोष्ट घडते. व्होल्टेज वाढवलं की झाड लवकर पार जाईल असं वाटतं ना? पण व्होल्टेजच्या एका मधल्या पट्ट्यात विरळ झाडाऐवजी झुडूप वाढतं. झुडपातला विद्युतभार चहूबाजूंनी पसरून टोकांवरचा ताण बोथट करतो आणि वाढ मंदावते. त्यामुळे जरा कमी व्होल्टेजचं विरळ झाड त्याच्या आधी पलीकडे पोचू शकतं. ताण, काळ आणि आकार एकमेकांना असे बांधलेले आहेत, म्हणून साधा त्रैराशिक हिशेब इथे चालत नाही.

हा आकार नवा नाही. जर्मनीतल्या गॉटिंगनला गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबेर्ग यांनी १७७७ साली रेझिनच्या थाळीवर स्थिर विद्युत सोडून वर भुकटी भुरभुरवली तेव्हा असेच फाटे उमटले होते. १९८४ साली नीमायर, पिएत्रोनेरो आणि वीसमन यांनी पृष्ठभागावर पसरणाऱ्या अशा डिस्चार्जची फ्रॅक्टल मिती मोजली. ती सुमारे १.७ निघाली, म्हणजे रेषेपेक्षा जास्त आणि पूर्ण पृष्ठभागापेक्षा कमी. जिथे टोक पुढे आहे तिथे ताण जास्त, म्हणून तेच टोक आणखी पुढे जाणार, अधूनमधून योगायोग वाट बदलणार. एवढ्या दोन नियमांतून हा सगळा डौल उभा राहतो.

शेवटी एखादी फांदी समोरच्या इलेक्ट्रोडच्या जवळ येते, उरलेल्या अंतरावर ताण भराभर वाढतो आणि तो शेवटचा टप्पा मात्र क्षणात संपतो.

वॉटर ट्री आणि इलेक्ट्रिकल ट्री एकच का?

नाव सारखं, चाल वेगळी. हा फरक नीट समजला नाही तर चाचण्यांचे निकालही चुकीचे वाचले जातात.

वॉटर ट्रीला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि एसी व्होल्टेज. त्यासाठी ताण मोठा लागत नाही. ११-२२ केव्हीच्या केबलमध्ये रोज असतो तेवढा पुरतो. पाण्याचे रेणू पॉलिइथिलीनमध्ये हळूहळू झिरपतात. कंडक्टरच्या तारांमधल्या फटीतून किंवा फाटलेल्या शीथमधून, म्हणजे बाहेरच्या आवरणातून, पाणी आलं की क्षार आणि आयनही सोबत येतात. विद्युतक्षेत्राच्या दिशेने पॉलिमरमध्ये अगदी सूक्ष्म, पाणी धरून ठेवणाऱ्या जागांच्या रांगा तयार होतात. ती नळी नव्हे, ओलाव्याची पुसट पिसासारखी रेघ म्हणा. सेमीकॉनच्या पृष्ठभागापासून निघालेल्या वॉटर ट्रीला पाण्याचा पुरवठा चालू असतो, म्हणून ती लांब वाढते. आतल्या एखाद्या कणापासून दोन्ही दिशांना फुटलेली ‘बो-टाय’ आकाराची ट्री साधारणपणे थोडी वाढून थांबते.

ही वाढ वर्षानुवर्षं चालते आणि या काळात पीडी होत नाही, ठिणगी नाही, आवाज नाही. आणखी म्हणजे तुकडा वाळला की ट्री डोळ्यांना दिसेनाशी होते आणि गरम पाण्यात ठेवला की परत उमटते. अभ्यासासाठी पातळ काप काढून मिथिलिन ब्लूच्या द्रावणात शिजवतात, मग ट्री कायमची निळी दिसते.

वॉटर ट्री पूर्ण जाडी ओलांडून गेली तरी केबल चालू व्होल्टेजवर टिकून राहू शकते. शक्ती मात्र खूप घटलेली असते. मग एखाद्या दिवशी वीज पडून किंवा स्विचिंगमुळे व्होल्टेजचा झटका येतो, वॉटर ट्रीच्या टोकाशी इलेक्ट्रिकल ट्री जन्मते आणि उरलेलं काम ती फार कमी वेळात करते. पॉलिइथिलीनमधला हा प्रकार जपानच्या मियाशिता यांनी १९६९ साली मांडला, तोवर पाण्याने पॉलिइथिलीनला काही होत नाही असाच समज होता.

जुन्या एक्सएलपीई केबल लवकर का गेल्या?

१९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिका आणि युरोपमध्ये घातलेल्या पॉलिइथिलीन आणि एक्सएलपीईच्या बऱ्याच केबल अपेक्षित आयुष्याच्या खूप आधी जाऊ लागल्या. क्रॉसलिंकिंगसाठी तेव्हा दाबाखालची वाफ वापरत, त्यामुळे इन्सुलेशनमध्ये सूक्ष्म पोकळ्या आणि ओलावा राही. बाहेरचा स्क्रीन टेप गुंडाळून किंवा ग्राफाइटचा रंग लावून केलेला असे, मग मध्ये फटी राहत. अनेक केबलना बाहेरचं आवरणही नव्हतं.

नंतर वाफेऐवजी नायट्रोजनमध्ये कोरडं क्युअरिंग आलं. आतला सेमीकॉन, इन्सुलेशन आणि बाहेरचा सेमीकॉन हे तिन्ही थर यंत्राच्या एकाच तोंडातून एकदम ओतले जाऊ लागले, त्यामुळे थरांमध्ये धूळ आणि हवा शिरायला जागा उरली नाही. कंपाउंड जास्त स्वच्छ झालं, वॉटर ट्रीची वाढ रोखणारे प्रकार आले, पाणी लागताच फुगून वाट बंद करणाऱ्या टेप आल्या. मूळ पॉलिमर तेच, १९३३ साली इंग्लंडमधल्या विनिंग्टनला अपघाताने सापडलेलं. बदलली ती त्याच्याशी वागण्याची रीत.

पावसाळ्यातच केबल जास्त का जातात?

वॉटर ट्री एका पावसाळ्यात तयार होत नाही. पण आधीच वाढलेल्या ट्रीला पावसाळा उघडं पाडतो. आपल्याकडे जूनच्या आधीच्या वळवातच विजा कडाडतात, आणि जिथे ओव्हरहेड लाइन केबलला मिळते तिथून झटके थेट केबलमध्ये शिरतात. दुसरीकडे उन्हाळ्यात रस्ता खणताना शीथला लागलेला टिकावाचा घाव किंवा नीट न सील झालेला जॉइंट पहिल्या पावसात पाणी पितो. जॉइंटमधलं पाणी मात्र वर्षं घेत नाही, ते काही दिवसांत किंवा आठवड्यांतही घात करू शकतं.

मेगर चांगला आला, तरी दुसऱ्याच दिवशी केबल गेली. असं कसं?

मेगर डीसी देतो आणि सगळ्या लांबीचा मिळून रोध मोजतो. वायूने भरलेली, अर्ध्यावर आलेली इलेक्ट्रिकल ट्री उरलेल्या चांगल्या पॉलिमरच्या आड लपते आणि आकडा हजारो मेगओहम येतो. मेगरने ओला जॉइंट, तुटलेली केबल, सरळ अर्थ झालेली फेज कळते. तेवढ्यासाठी तो उत्तम. ट्री शोधायला तो नाही.

ट्री किंवा फट बोलते ती पीडी मोजणीत. वॉटर ट्री तिथेही गप्प राहते, ती टॅन डेल्टामध्ये दिसते: व्होल्टेज वाढवत नेलं की टॅन डेल्टाही वाढत जातो. म्हणून दोन्ही चाचण्या हव्यात, एकीवर निर्णय घेऊ नये.

जुन्या एक्सएलपीई केबलला डीसी हायपॉट का मारू नये?

हायपॉट म्हणजे नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन केबल टिकते का ते पाहणं. डीसीने ते करायची सवय कागद-तेलाच्या केबलच्या काळापासूनची आहे, आणि एक्सएलपीईला ती मानवत नाही. डीसी दिलं की विद्युतभार पॉलिमरमध्ये शिरून तिथेच अडकतो, विशेषतः वॉटर ट्रीच्या आसपास. चाचणी संपते, केबल ‘पास’ होते, लगेच एसी चालू करतात. आत अडकलेला भार आणि वरून एसीचा ताण, दोन्ही एकत्र आले की इलेक्ट्रिकल ट्री सुरू व्हायला तेवढं पुरतं. त्यामुळे वापरलेल्या केबलसाठी ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेची, चाचणी आली. व्होल्टेज उलटत राहतं म्हणून भार साठत नाही, आणि पन्नास हर्ट्झच्या मानाने चार्जिंग प्रवाह पाचशे पटींनी कमी लागतो, त्यामुळे यंत्र गाडीत बसतं.

मग एचव्हीडीसीसाठी (उच्च व्होल्टेजच्या डीसीसाठी) पॉलिमर केबल कशा चालतात?

याच अडकलेल्या भाराचा, म्हणजे स्पेस चार्जचा, नीट विचार करून. क्रॉसलिंकिंगच्या पेरॉक्साइडपासून उरणारे अॅसिटोफेनोन, क्युमिल अल्कोहोल हे पदार्थ भार साठायला मदत करतात, म्हणून केबल उबदार खोलीत ठेवून ते बाहेर जाऊ देतात. कंपाउंडही वेगळं असतं. वीज उलट दिशेला पाठवताना व्होल्टेजची ध्रुवता बदलली तर साठलेला भार एकदम वैरी होतो. व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टर या एसी-डीसी बदलणाऱ्या यंत्रणेत ध्रुवता तीच राहते आणि प्रवाहाची दिशा बदलते, म्हणून पॉलिमर केबलची तिथे जोडी जमली. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ साली ±८० केव्हीची अशी केबल व्यापारी वापरात आली. भारतात तामिळनाडूतल्या पुगळूरपासून केरळमधल्या त्रिशूरपर्यंतच्या ±३२० केव्हीच्या मार्गाचा केरळकडचा काही भाग अशाच केबलचा आहे.

व्होल्टेज थोडं जास्त राहिलं तर आयुष्य किती घटतं?

अंदाजासाठी उलट घाताचा नियम वापरतात, म्हणजे आयुष्य व्होल्टेजच्या ठराविक घाताच्या व्यस्त प्रमाणात धरतात. घातांक ९ धरला तर व्होल्टेज १० टक्के वाढल्यावर आयुष्य निम्म्याहून कमी होतं, १२ धरला तर एक तृतीयांशाच्या खाली जातं. घातांक माल, जाडी आणि ओलावा यांवर बदलतो, म्हणून नेमकी वर्षं सांगायला हा नियम वापरू नका.

जॉइंट करताना कुठे चुकतं?

कारखान्यातली केबल कितीही चांगली असली तरी जॉइंट रस्त्याच्या कडेला, खड्ड्यात बसून, कधी रात्री टॉर्चच्या उजेडात होतो. जॉइंटरच्या हाताला मी कारखान्याच्या यंत्राइतकंच महत्त्व देतो, आणि त्याला तेवढा वेळ द्यायला हवा असं मनापासून वाटतं. लाइन लवकर चालू करा म्हणून वर उभं राहून घाई करणारे जॉइंटचं आयुष्य कमी करत असतात.

सगळ्यात महागात पडते ती सेमीकॉन सोलताना सुरी इन्सुलेशनमध्ये जाणं. तो काप म्हणजे वर सांगितलेली चपटी हवेची फट, तीही सेमीकॉन संपतो त्या कडेला, जिथे ताण आधीच एकवटलेला असतो. काप दिसला तर तो पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घालवायचा, आणि पेपर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा हवा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या कणांचा.

पुसण्याची दिशाही महत्त्वाची. इन्सुलेशनकडून सेमीकॉनकडे पुसायचं, उलट कधीच नाही, आणि सेमीकॉनला लागलेलं फडकं परत इन्सुलेशनला लावायचं नाही. सेमीकॉनमधला कार्बन काळा आणि वाहक असतो. उलट पुसलं की तोच कार्बन आपण आपल्या हाताने इन्सुलेशनवर पसरवतो. किटमधलं ग्रीस किंवा मॅस्टिक सेमीकॉनच्या कडेवरची पायरी भरण्यासाठी असतं. ते वाचवून ठेवायचं नसतं. आणि घामाचा थेंब पडला तर पुन्हा पुसा, कारण घामात मीठ असतं.

ट्री लागलेली केबल दुरुस्त होते का?

इलेक्ट्रिकल ट्री लागली असेल तर तो भाग कापून काढणं हाच उपाय. वॉटर ट्रीसाठी तारांच्या कंडक्टरमधल्या फटीतून सिलिकॉनवर आधारित द्रव सोडण्याची पद्धत आहे. तो इन्सुलेशनमध्ये झिरपून पाण्याशी अभिक्रिया करतो आणि त्या जागा भरतो. ठोस कंडक्टर असेल तर द्रवाला जायला वाटच नसते.

फॉल्ट झालेल्या तुकड्याचं काय करावं?

भंगारात टाकू नका. फॉल्टच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर ठेवून कापा. कुठली केबल, कुठली फेज, कंडक्टरमध्ये पाणी होतं का, शीथवर जुना घाव होता का, हे लगेच लिहून चिकटवा. दोन्ही टोकं प्लास्टिकने घट्ट बांधा, म्हणजे तुकडा वाळणार नाही.

फॉल्टची जागा स्वतः फारसं सांगत नाही. तिथे सगळं जळून कोळसा झालेलं असतं, आणि ज्या ट्रीने घात केला तीही त्यात गेलेली असते. पण ज्या मालात, ज्या ओलाव्यात ती वाढली, त्यातच तिची भावंडंही वाढलेली असतात. फॉल्टपासून वितभर अंतरावरून अर्ध्या मिलिमीटरचे गोल काप काढा, गरम मिथिलिन ब्लूमध्ये ठेवा, धुवा आणि उजेडासमोर धरा. आतल्या सेमीकॉनच्या कडेपासून बाहेर निघालेली निळी पिसं दिसली तर पाणी कंडक्टरमधून आलं. बाहेरच्या कडेपासून आत शिरलेली दिसली तर शीथ तपासा. काहीच दिसलं नाही आणि फॉल्ट जॉइंटमध्ये असेल, तर सेमीकॉनच्या कडेवरून बोट फिरवून सुरीचा काप लागतो का ते पाहा.